जूनच्या पहिल्या आठवड्यात येलोस्टोन, टीटन आणि ग्लेशियर जमेल का? बर्फाचा हिशोब आधी, बुकिंग नंतर

प्रश्न थोडक्यात असा आलाय: ५ ते १४ जून, नऊ रात्री, नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि भारतातून येणारे आई-बाबा (दोघंही पासष्टीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात). यात अमेरिकेतले येलोस्टोन, ग्रँड टीटन आणि ग्लेशियर हे तिन्ही नॅशनल पार्क बसवायचेत, आणि काही झालं तरी ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रोडवरून लोगन पासला (त्या रस्त्यावरची उंच खिंड) जायचंच आहे, कारण आईने त्याचे फोटो बघितलेत. जमेल का?

येलोस्टोन आणि टीटन झकास जमेल. लोगन पास त्या तारखांना बहुतेक बंदच असेल. आणि तिन्ही पार्क नऊ रात्रींत करायला गेलात तर निम्मा वेळ गाडीत जाईल, हे मी आत्ताच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना राग यायला नको. मी सतरा-अठरा वर्षं याच भागात फॅमिली ट्रिपा आखून देतोय, सुरुवातीला हौस म्हणून मित्रांना, आता धंदा म्हणून, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात स्वतः बारा-तेरा वेळा गेलोय, त्यातल्या दोन वेळा तर चुकीच्या प्लॅनमुळे चांगलाच आपटलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, जून म्हणजे समर हे डोक्यातून काढा. खाली शहरात असेल, पण डोंगरात महिना कुठला याला फार किंमत नाही, तुम्ही किती उंचीवर आहात त्याला आहे. आम्ही ढोबळमानाने असं धरतो की दर हजार फूट वर गेलं की ऋतू आठवडा-दीड आठवडा मागे जातो. म्हणजे ५ जूनला ग्लेशियरच्या पश्चिम गेटपाशी साधारण ३,२०० फुटांवर झाडं हिरवीगार, लोक टीशर्टवर फिरतायत, आणि त्याच दिवशी लोगन पासला, ६,६४६ फुटांवर, बर्फ हटवायची मशिनं घरघरत असतात. अंतर म्हणाल तर बत्तीसेक मैल. येलोस्टोनमध्येही तेच, मॅमथ ६,२०० फुटांवर आहे म्हणून तिथे मे महिन्यातच गवत येतं आणि येलोस्टोन लेक ७,७०० फुटांच्या वर आहे म्हणून तिथला बर्फ कित्येक वर्षी मे अखेरीपर्यंत किंवा जूनच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. त्यामुळे जूनच्या सुरुवातीचा प्लॅन करताना नकाशावर ठिकाणाशेजारी आधी उंची लिहा, मैल नंतर.

आता लोगन पासचं. हा रस्ता साधारण ५० मैलांचा, १९३२ मध्ये पूर्ण झाला आणि १९३३ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला बर्फ काढायचं काम सुरू होतं आणि तरी जून उजाडतो, का? तर बर्फ नुसता रस्त्यावर पडलेला नसतो, वरच्या उतारांवरून हिमकडे घसरून तो रस्त्यावर येऊन साचलेला असतो, त्यात झाडं, दगड सगळं मिसळलेलं, आणि पासच्या पूर्वेला बिग ड्रिफ्ट म्हणून एक जागा आहे तिथे वाऱ्याने साचलेला बर्फ काही वर्षी ८० फुटांपर्यंत असतो. शिवाय कडेचे लाकडी कठडे हिमकड्यांनी तुटू नयेत म्हणून हिवाळ्याआधी काढून ठेवतात, ते एकेक करून परत बसवायचे असतात. म्हणजे रस्ता मोकळा दिसला तरी गाड्या सोडत नाहीत. आपल्याकडे दरड काढली की तासाभरात घाट सुरू होतो, तसं इथे नाही.

तारखा बघा म्हणजे पटेल. २०२३ मध्ये हा रस्ता पूर्ण उघडला १३ जूनला, कारण त्या वर्षी मे महिना गरम गेला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, उघडला १३ जुलैला, कारण वसंत थंड आणि ओला गेला. पुढे २०२४ मध्ये २२ जून. म्हणजे एका वर्षात नि दुसऱ्या वर्षात अख्ख्या एका महिन्याचा फरक, आणि यातला लवकरचा दिवससुद्धा तुमच्या ट्रिपच्या शेवटच्या दिवसाच्या आदला. "गेल्या वर्षी माझा मित्र गेला होता, ओपन होता" या भरवशावर फ्लाइट काढू नका, तुमच्या मित्राला मिळालेला मे महिना तुम्हाला मिळेलच असं नाही.

माझी पहिली फजिती इथलीच. आम्ही सहा जण, दोन रात्री पश्चिमेला, दोन रात्री पूर्वेला सेंट मेरीला, सगळं बुकिंग नॉन-रिफंडेबल, का तर शंभर-सव्वाशे डॉलर वाचत होते. मध्ये सन रोडने (म्हणजे हाच गोइंग-टू-द-सन रोड) पलीकडे जायचं, वाटेत लोगन पासला फोटो, असा सरळ हिशोब. गेटवरच्या रेंजर बाईंनी शांतपणे सांगितलं की रस्ता पश्चिमेकडून अ‍ॅव्हलांच नावाच्या जागेपर्यंतच उघडा आहे. मग दक्षिणेकडून हायवे २ ने मरायस पास ओलांडून वळसा घातला, आणि खरं सांगतो, तो रस्ताही देखणा आहे, पण गाडीत कोणी खिडकीबाहेर बघायच्या मूडमध्येच नव्हतं. चूक रस्त्याची नव्हती, मी एका जागेवर अख्खी ट्रिप टांगून ठेवली होती.

म्हणून आता मी लोकांना विचारतो की लोगन पास अजिबात नसेल तर तुम्हाला ट्रिप आवडेल का? हो असेल तर जूनची सुरुवात घ्या, नाही असेल तर जुलैचा दुसरा पंधरवडा किंवा ऑगस्ट घ्या, गर्दी सहन करा, पण मनासारखं बघून या. हायलाइन ट्रेल, ग्रिनेल ग्लेशियरचा ट्रेल हे सगळं बर्फाखालून साधारण जुलैच्या मध्याला वगैरे बाहेर येतं, जूनमध्ये तिथे तिरप्या उतारावर घट्ट बर्फ असतो आणि खाली कडा. मोबाईलवर तो ट्रेल हिरव्या रेघेने दाखवत असेल, पण त्या रेघेला बर्फाचं काही माहीत नसतं.

बर्फाचा अंदाज घरबसल्या घेता येतो, हे फार कमी लोक करतात. डोंगरात सरकारने स्नोटेल नावाची स्वयंचलित केंद्रं लावलीत, ती बर्फाचं वजन मोजतात आणि तो वितळवला तर किती इंच पाणी होईल ते रोज नेटवर टाकतात. ग्लेशियरसाठी फ्लॅटटॉप माउंटन नावाचं केंद्र बघा, ते ६,३०० फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ लोगन पासच्याच उंचीचं. बातम्यांत "यंदा सरासरीच्या ९० टक्के" असं येतं त्यावर फार जाऊ नका, एप्रिलमधली टक्केवारी आणि मे महिन्यातली थंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी तर म्हणेन मे जास्त महत्त्वाचा. साधारण २० मेनंतर तो आलेख बघायचा, रेघ सपाट चाललीय की उतरायला लागलीय, आणि रात्रीचं तापमान शून्याखाली जातंय की नाही. रात्री बर्फ गोठत असेल तर वितळायला वेळ आहे. याशिवाय पार्कवाले स्वतः बर्फ कुठपर्यंत काढला त्याचा नकाशा आणि फोटो टाकत असतात, ते बघायला तर मजाच येते, मुलीला दाखवा.

तर माझं म्हणणं, ग्लेशियर यावेळी सोडा. येलोस्टोनच्या उत्तर गेटजवळच्या गार्डिनरहून ग्लेशियरच्या पश्चिम गेटजवळचं वेस्ट ग्लेशियर पावणेचारशे मैलांच्या आसपास, सात तास तरी धरा, म्हणजे जायला एक दिवस गेला, आणि परत फ्लाइट कुठून आहे त्यावर दुसरा. नऊ रात्रींतले दोन दिवस हायवेला देऊन लोगन पास बंदच बघायचा, याला काय अर्थ आहे. येलोस्टोनला सहा आणि टीटनला तीन रात्री द्या, तेवढ्यात आई-बाबांना दुपारची झोप पण मिळेल.

क्रम असा ठेवा: बोझमनला उतरा, तिथून गार्डिनर ऐंशी मैलांच्या आसपास, दीड तास. पहिल्या दोन रात्री गार्डिनर किंवा मॅमथ. मग दोन रात्री कॅन्यन किंवा लेककडे, मग दोन ओल्ड फेथफुल नाहीतर वेस्ट येलोस्टोनला, आणि शेवटी तीन टीटन किंवा जॅक्सनला, जॅक्सनवरूनच परतीची फ्लाइट (हा देशातला नॅशनल पार्कच्या हद्दीत असलेला एकमेव व्यावसायिक विमानतळ, खिडकीतून टीटनची रांग समोर दिसते, बाबांना खिडकीची सीट द्या). गाडी एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडायचे जास्तीचे पैसे लागतात, ते लागू देत. उत्तरेकडून सुरू करायचं कारण उंची. मॅमथ खाली आहे, आई-बाबांना विरळ हवेची सवय व्हायला दोन दिवस मिळतात, आणि मधला उंच भाग, म्हणजे कॅन्यन, लेक, डनरेवन पास, हे तुमच्या ट्रिपमध्ये जितकं उशिरा येईल तितका बर्फ कमी. डनरेवन पासचा रस्ता साधारण मेमोरियल डेच्या (मे महिन्याचा शेवटचा सोमवार) सुमारास उघडतो, पण जूनमध्येही एखाद्या रात्री बर्फ पडून काही तास बंद होऊ शकतो. टॉवर ते कॅन्यन तोच रस्ता आहे, बंद असला तर मॅमथ-नॉरिसवरून वळसा. त्या दिवशीचं काहीही वेळेच्या मिनिटावर ठरवू नका.

पाण्याबद्दल मात्र नीट ऐका, कारण जूनमध्ये खरा धोका अस्वलापेक्षा पाण्याचा आहे. ग्लेशियरमध्ये तर पार्कवालेच सांगतात की तिथल्या मृत्यूंत पहिला नंबर पाण्याचा आहे. जूनमध्ये सगळा बर्फ एकदम वितळत असतो, ओढे फुगलेले, पाणी बर्फाइतकं गार आणि काठचे खडक शेवाळाने गुळगुळीत. लोक फोटोसाठी त्या खडकांवर चढतात, पाय सरकतो, आणि त्या गारठ्यात हातपाय मिनिटा-दोन मिनिटांत काम करेनासे होतात, पोहता येतं की नाही हा प्रश्नच राहत नाही. मुलीला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, धबधब्याचा कठडा म्हणजे कठडा. आणि एक गंमत, हे ओढे दिवसभर सारखे नसतात. ऊन दुपारी बर्फ वितळवतं, ते पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते, म्हणून पहाटे ओढा कमी आणि दुपारनंतर भरलेला. ओलांडायचा असेल तर सकाळी, धबधबा बघायचा असेल तर दुपारी. माझी दुसरी फजिती हीच होती, सकाळी घोट्याइतका ओढा हसतहसत ओलांडला आणि परत येताना तो गुडघ्याच्या वर, मग अडीच तास उलट्या वाटेने वळसा घालून अंधार पडता पडता गाडीपाशी. तेव्हापासून ओढा ओलांडताना मी त्याचं संध्याकाळचं रूप डोळ्यांसमोर आणतो.

आणि २०२२ चा जून कोण विसरेल. १३ जूनला येलोस्टोनमध्ये साठलेल्या बर्फावर जोराचा गरम पाऊस झाला, पाऊस अधिक वितळलेला बर्फ असं दुप्पट पाणी नद्यांत उतरलं, गार्डिनर ते मॅमथ रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, पाचही गेटं बंद, दहा हजारांच्या वर लोकांना बाहेर काढलं. दक्षिणेकडचा भाग २२ जूनला उघडला, उत्तरेच्या रस्त्याला ऑक्टोबर उजाडला. माझी एक फॅमिली त्या आठवड्यात निघणार होती, त्यांचं सगळं बुकिंग रिफंडेबल होतं म्हणून वाचले, चार दिवस दुसरीकडे काढले. घाबरवत नाहीये, असं दरवर्षी होत नाही. पण जूनच्या सुरुवातीला रिफंडेबल बुकिंगचे जे शंभर डॉलर जास्त जातात ते विम्याचा हप्ता समजून द्या.

आता चांगल्या गोष्टी, कारण तुम्ही म्हणाल हा माणूस नुसता नन्नाचा पाढा लावतोय. जूनची सुरुवात मला स्वतःला ऑगस्टपेक्षा जास्त आवडते, आणि त्याचं कारण तेच पाणी. कॅन्यनला लोअर फॉल्स, ३०८ फुटांचा, या दिवसांत असा कोसळतो की आर्टिस्ट पॉइंटवर उभं राहिलं तरी आवाज छातीत जाणवतो. आणि तिथपर्यंतची वाट सपाट, पक्की, आईच्या गुडघ्यांना काही त्रास नाही. ब्रिंक ऑफ लोअर फॉल्स मात्र आईंना नेऊ नका, तो उतार फसवा आहे, उतरताना काही वाटत नाही आणि परत चढताना सगळे थांबत थांबत येतात. बायसनची पिल्लं, तांबूस रंगाची, लामार व्हॅलीत आयांच्या मागे धावत असतात. अस्वलं अजून वर गेलेली नसतात, खालच्या गवतातच दिसतात. टीटनच्या पायथ्याशी पिवळ्या बालसमरूटच्या फुलांची मैदानंच्या मैदानं आणि मागे बर्फाने भरलेली रांग, हे ऑगस्टमध्ये नाही मिळत, तेव्हा फुलं वाळलेली आणि डोंगर करडे, शिवाय बरेचदा वणव्याचा धूर. डासही अजून पुरते जागे झालेले नसतात.

लामारला जायचं तर पहाटे, अगदी पहाटे. सूर्य साडेपाच-पावणेसहाला उगवतो, तेव्हा तुम्ही तिथे रस्त्याकडेला पाहिजे. "सुट्टीत कशाला चारला उठायचं" असं सगळे म्हणतात आणि मग नऊ वाजता जाऊन रिकामं गवत बघून येतात. लांब दुर्बिणी लावून बसलेली मंडळी तिथे दिसतात, बरेचसे लांडग्यांच्या मागावरचे वर्षानुवर्षांचे शौकीन, नीट विचारलं तर आनंदाने दाखवतात, मी कित्येकदा अस्वल त्यांच्याच दुर्बिणीतून बघितलंय. साडेनऊ-दहाला परत यायचं, जेवून दोन तास झोपायचं, आणि चारनंतर पुन्हा बाहेर, कारण सूर्य मावळायला नऊ वाजतात. दुपारी अकरा ते तीन पार्किंगमध्ये गोल गोल फिरण्यापेक्षा हे बरं, आणि आई-बाबांना तर हे वेळापत्रक अगदी घरच्यासारखं वाटतं.

फक्त ग्रँड प्रिस्मॅटिकला (रंगीत, गरम पाण्याचं मोठं कुंड) हा नियम उलटा. गार सकाळी त्याच्यावर एवढी वाफ असते की रंग दिसतच नाहीत, नुसता पांढरा ढग. तिथे जरा ऊन चढल्यावर, अकराच्या पुढे जा, पार्किंगसाठी थांबायची तयारी ठेवून. वरून बघायची जागा फेअरी फॉल्सच्या ट्रेलवर आहे, जाऊन-येऊन दीडेक मैल, शेवटी थोडा चढ. अस्वलांसाठी तो भाग मेमोरियल डेच्या शुक्रवारपर्यंत बंद ठेवतात, तुमच्या तारखांना उघडा असेल. ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने उडतो, पुढची वेळ व्हिजिटर सेंटरला लिहिलेली असते, दहा मिनिटं इकडेतिकडे. गरम पाण्याच्या भागात लाकडी वाट सोडून एक पाऊलही बाहेर टाकायचं नाही, जमीन वरून घट्ट दिसते पण खाली पातळ पापुद्रा आणि उकळतं पाणी. वीसच्या वर माणसं तिथे भाजून गेलीत. मुलीचा हात धरा, ती चिडली तरी.

प्राण्यांपासून अंतर: अस्वल, लांडगा आणि कुगर (पहाडी सिंह) १०० यार्ड, बाकी सगळे २५ यार्ड, म्हणजे अनुक्रमे ९१ आणि २३ मीटर. बायसन बघून बाबांना म्हैस आठवेल आणि ते म्हणतील काही करत नाही गं, गरीब जनावर आहे. तो ताशी ३५ मैलांनी पळू शकतो. मॅमथला तर जूनमध्ये एल्क (मोठं हरीण) माद्या इमारतींच्या आसपास पिल्लं लपवून ठेवतात आणि माणूस जवळ आला की सरळ अंगावर येतात, कोपऱ्यावरून वळताना बघून वळा. आणि एकटं पिल्लू दिसलं तर ते हरवलेलं नसतं. २०१६ मध्ये कोणीतरी बायसनच्या पिल्लाला थंडी वाजतेय म्हणून गाडीत घालून रेंजरकडे आणलं होतं, कळपाने ते परत घेतलंच नाही आणि शेवटी त्याला मारावं लागलं.

टीटनमध्ये या तारखांना जेनी लेकच्या आसपासचं खालचं सगळं करता येतं. बोटीने तलाव ओलांडून हिडन फॉल्सपर्यंतची चाल आई सोडून सगळ्यांना जमेल, आईंना बोटीची फेरीच पुष्कळ आहे. टॅगर्ट लेक, फेल्प्स लेक सकाळी करा. कॅस्केड कॅन्यनच्या आत जसं जाल तसा बर्फ लागेल, जिथे पाय घसरायला लागले तिथून परत. पेंटब्रश डिव्हाइडसारखं काही कोणी सुचवलं तर हसून सोडून द्या, तिथे जुलैतही आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) लागते. सकाळचा बर्फ कडक आणि निसरडा, दुपारचा मऊ, पाय मांडीपर्यंत आत जातो, आणि बर्फाखालून ओढा वाहत असेल तर वरचं छप्पर कधी खचेल सांगता येत नाही. मायक्रोस्पाइक (बुटांना लावायचे काटे) बॅगेत असू देत, पण ते आहेत म्हणून तिरप्या उतारावर जायचं असं नाही. ज्यांना चालायचं नाही त्यांच्यासाठी ऑक्सबो बेंडला गाडीजवळ खुर्ची टाकून बसा, मूस बरेचदा तिथेच दिसतो. मी एका आजोबांना तिथे तीन तास नुसतं बसलेलं बघितलंय आणि त्यांची ट्रिप आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली झाली.

कपड्यांचं लांबण लावत नाही. दिवसा पंधरा-वीस सेल्सियस, रात्री शून्याच्या आसपास, आणि एखाद्या दिवशी बर्फ पडेल. थरावर थर घालायचे, जीन्स भिजली की वाळत नाही म्हणून एखादी दुसरी पँट, वरून पाऊस न झिरपणारं जाकीट, आणि आई-बाबांसाठी भारतातली लोकरी कानटोपी उत्तम, त्यासाठी दुकानात पन्नास डॉलर घालवायची गरज नाही. गॉगल आणि सनस्क्रीन मात्र विसरू नका, बर्फावरचं ऊन खालून पण भाजतं. उंचीवर पहिल्या दोन दिवसांत डोकं दुखणं, झोप न लागणं होतं, पाणी जास्त प्या, सावकाश चाला, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. पार्कमध्ये मॅमथ, ओल्ड फेथफुल आणि लेकला दवाखाने आहेत, नकाशावर खूण करून ठेवा. फोनला रेंज बहुतेक नसते, नकाशे आणि नॅशनल पार्क सर्व्हिसचं अ‍ॅप आधीच ऑफलाइन उतरवून घ्या.

पैशांचं एक महत्त्वाचं, कारण जुन्या माहितीवर लोक फसतात. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी फी वेगळी आहे. वार्षिक पास इथल्या रहिवाशांना ८० डॉलर, बाहेरच्यांना २५० डॉलर, आणि असा पास नसेल तर गर्दीच्या ११ पार्कांत सोळा आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येक बाहेरच्या पाहुण्याला नेहमीच्या फीवर आणखी १०० डॉलर. येलोस्टोन, टीटन, ग्लेशियर तिन्ही त्या यादीत आहेत. आई-बाबा दोघं आणि पार्क दोन, म्हणजे पासशिवाय वरचे ४०० डॉलर. तुम्ही रहिवासी आणि ते पाहुणे अशी मिसळ एकाच गाडीत आहे, तेव्हा पास कोणाच्या नावाने काढायचा ते पार्कच्या फीच्या पानावर वाचून मगच काढा, आणि गेटवर सगळ्यांचे फोटो असलेले ओळखपत्र हाताशी ठेवा.

आतली हॉटेलं वर्षभर आधी भरतात हे खरं, पण जूनच्या सुरुवातीच्या खोल्या सुटतातही, निघायच्या आधीचे तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहा. मला ओल्ड फेथफुल इनमध्ये (१९०४ चं, सगळं लाकडी) खोली अशीच मिळाली होती, आठ दिवस आधी.

आणि एवढं सगळं वाचूनही ग्लेशियरच करायचं असेल, हट्टच असेल, तर मग टीटन सोडा आणि ते मनापासून करा, चार रात्री द्या. दोन रात्री पश्चिमेला, दोन पूर्वेला, दोन्हीकडचं बुकिंग रिफंडेबल आणि मधला प्रवास हायवे २ ने होणार असं धरूनच. पश्चिमेला लेक मॅकडॉनल्डच्या काठचे रंगीत गोटे, ट्रेल ऑफ द सीडर्स (लाकडी वाट, व्हीलचेअरही जाते), जमणाऱ्यांनी अ‍ॅव्हलांच लेक. आणि खरी मजा म्हणजे जिथे गाड्यांना रस्ता बंद होतो तिथून पुढे सायकलला बरेचदा मोकळा असतो. एकही गाडी नसलेला सन रोड, डोक्यावरून पाणी गळतंय, तुम्ही आणि मुलगी सायकलवर, हे जुलैत लाख रुपये दिले तरी मिळायचं नाही. आई-बाबांना त्या दिवशी लाल बसने पाठवा, १९३० च्या दशकातल्या जुन्या गाड्या आहेत, कापडी छप्पर मागे सारता येतं, जेवढा रस्ता उघडा असेल तेवढ्यावर जातात. पूर्वेला टू मेडिसिन आणि मेनी ग्लेशियरच्या तलावाकाठी फिरा. मोठी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेऊ नका, अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या पट्ट्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. गाडीसाठी आधी रिझर्व्हेशन लागतं का, हा नियम गेल्या काही वर्षांत सारखा बदललाय, म्हणून तुमच्या वर्षाचा नियम पार्कच्या साइटवरच बघा, कोणाच्या जुन्या व्हिडिओत नाही. पलीकडच्या कॅनडातल्या वॉटरटनला जाऊन येऊ असा विचार असेल तर आई-बाबांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागेल, अमेरिकेच्या व्हिसावर चालत नाही, सीमेवरून परत पाठवलेली कुटुंबं मी पाहिलीत.

बेअर स्प्रे (अस्वलाला रोखणारा तिखट फवारा) विमानात नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत ना सामानात, तिथे पोचल्यावर विकत किंवा भाड्याने घ्या आणि बॅगेच्या तळाशी नाही, कमरेला लावा. अस्वल अंगावर येत असेल आणि तीस ते साठ फुटांवर असेल तेव्हा मारायचं, डासांच्या स्प्रेसारखं अंगाला लावायचं नसतं, हसू नका, लावलेले लोक आहेत.

फ्लाइट अजून काढली नसेल तर बोझमन-जॅक्सन अशी बघा. काढून झाली असेल तर कुठून कुठे ते कळवा, त्याप्रमाणे रात्री इकडच्या तिकडे करून देतो. आणि २० मेनंतर तो फ्लॅटटॉपचा आलेख एकदा बघून इथेच लिहा, रेघ उतरतेय का सपाट आहे एवढंच.